नाव कोणी ठेवायचे?

सरकारी कागदावरचा शब्द निर्जीव नसतो. तो माणसाची पायरी ठरवतो. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. त्यात अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हटले होते. स्वतंत्र मजूर पक्षाने हरकत घेतली. अस्पृश्य हे देवाचे जन, तर मग स्पृश्य काय राक्षसांचे, असा दादासाहेब गायकवाडांचा सवाल होता. ज्यांना हे नाव चिकटवायचे त्यांचेच प्रतिनिधी नको म्हणत असताना बहुमताने ते लादले गेले. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले.

शब्द गोड की कडू, हा प्रश्नच नव्हता. नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा होता. गोड शब्दाने पाणवठा खुला होत नाही.

जातीच्या दाखल्यावर ‘हरिजन’ लिहू नये, असे केंद्र सरकारने राज्यांना कळवले ते १९८२ मध्ये. म्हणजे ४४ वर्षांनी. उलट चळवळीने स्वतः अभिमानाने स्वीकारलेला ‘दलित’ हा शब्द सरकारी व्यवहारात नको, ‘अनुसूचित जाती’ लिहा, असे २०१८ मध्ये केंद्राने एका पत्राने सांगून टाकले. दोन्ही वेळा लेखणी कोणाच्या हातात होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

आजही कचेरीत, शाळेत सहकाऱ्याला ‘कोट्यातला’ म्हटले जाते, तेव्हा नाव ठेवण्याचा तोच जुना हक्क बजावला जात असतो. कागद लिहिणाऱ्याने, वर्गात हजेरी घेणाऱ्याने म्हणून आधी एवढेच विचारावे: हा शब्द त्या माणसाने स्वतःसाठी निवडला आहे काय?