उत्तेजक औषधांच्या वापरातील दक्षता

मध्यवर्ती तंत्रिका तंत्राची क्रियाशीलता वाढविणारी ॲम्फेटामीन, मिथिलफेनिडेट यांसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्याने घेताना पाळावयाचे निर्बंध. अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता या विकारात, तसेच अनावर झोपेच्या विकारात (नार्कोलेप्सी) ही औषधे उपयुक्त ठरतात. त्यांच्या वापराविषयीचे अनेक निर्बंध मात्र आधी ठरलेले नव्हते. औषधाचा मुक्त प्रसार झाल्यावर जे अपाय दिसून आले, त्यांतून ते क्रमाने सिद्ध झाले.

रूमानियन रसायनशास्त्रज्ञ लाझार एडेलेआनू यांनी १८८७ मध्ये बर्लिन येथे ॲम्फेटामीन तयार केले. त्याचे औषधी गुणधर्म गॉर्डन ॲलस यांच्या १९२७ नंतरच्या संशोधनाने पुढे आले आणि १९३०–४० या दशकात अमेरिकेत ते ‘बेंझेड्रीन’ या नावाने प्रथम नाक मोकळे करण्याच्या हुंगनळीतून व नंतर गोळ्यांच्या रूपात मिळू लागले. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनविकार असलेल्या ३० मुलांना ते दिले, तेव्हा सुमारे निम्म्या मुलांची अभ्यासातील प्रगती लक्षणीय रीत्या सुधारली. मिथिलफेनिडेट हे द्रव्य १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लेआंद्रो पानित्सोन यांनी तयार केले.

याच काळात अपायही प्रकट होत होते. जर्मनीत १९३८ मध्ये विक्रीस आलेले मिथॅम्फेटामीन (‘पेर्व्हिटिन’) सैनिकांना थकवा घालविण्यासाठी दिले गेले. परंतु १९४१ मध्ये त्यावर अफूविषयक कायद्याखाली निर्बंध घालावे लागले. युद्धोत्तर जपानमध्ये त्याचे व्यसन इतके फैलावले की, १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. १९५८ मध्ये फिलिप कॉनेल यांनी लंडनमधील ४२ रुग्णांच्या अभ्यासावरून ॲम्फेटामीनजन्य चित्तविकृतीचे वर्णन केले. त्यांतील काहींना एकाच मोठ्या मात्रेनंतर आपला छळ होत असल्याचा संभ्रम झाला होता. १९६७ मध्ये ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन यांचा फ्रान्समधील मों व्हाँतू या पर्वतावर शर्यतीत मृत्यू झाला. तीव्र उन्हाळा व अतिश्रम यांच्या जोडीला त्यांच्या शरीरात ॲम्फेटामीन आढळले. हे औषध थकव्याची जाणीव दडपते, थकवा नाहीसा करीत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. १९७२ मध्ये मुलांच्या वाढीवर होणाऱ्या परिणामाकडे संशोधकांनी लक्ष वेधले.

सध्याच्या दक्षतेची मुळे या अनुभवांत आहेत. औषध सुरू करण्यापूर्वी हृद्‌विकार, अतिरक्तदाब, काचबिंदू, अवटू ग्रंथीची अतिक्रियाशीलता, मानसिक विकार व व्यसन यांविषयी रुग्णाची व कुटुंबाची माहिती घेतात. मोनोअमाइन ऑक्सिडेजरोधी औषधे चालू असताना किंवा ती थांबविल्यावर १४ दिवसांच्या आत उत्तेजके देत नाहीत; अन्यथा रक्तदाब धोकादायक रीत्या वाढू शकतो. उपचारकाळात नाडी व रक्तदाब, आणि मुलांच्या बाबतीत उंची व वजनही नियमित तपासतात. झोपमोड टाळण्यासाठी औषध सामान्यतः दिवसाच्या पूर्वार्धात घेतात. मात्रा स्वतः वाढवू नये; दीर्घकाळ घेतलेले औषध वैद्याच्या सल्ल्यावाचून एकदम थांबविल्यास अतिथकवा व विषण्णता येऊ शकते. छातीत दुखणे, मूर्च्छा किंवा भास ही लक्षणे दिसताच वैद्यकीय मदत घ्यावी.

संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या मनोवर्ती द्रव्यविषयक करारात ही दोन्ही औषधे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. भारतात ती गुंगीकारक औषधे व मनोवर्ती द्रव्ये अधिनियम, १९८५ याखाली येतात. त्यामुळे एकाच्या नावे लिहून दिलेल्या गोळ्या परीक्षेसाठी वा जागरणासाठी दुसऱ्यास देणे हे अपायकारक तसेच बेकायदेशीरही आहे.

दक्षतेचे रूपांतर अवास्तव भीतीत होऊ नये, हेही इतिहासाने दाखविले आहे. कॅनडात २००५ मध्ये आकस्मिक मृत्यूंच्या नोंदींवरून एका ॲम्फेटामीनयुक्त औषधाची विक्री थांबविण्यात आली. फेरतपासणीनंतर त्याच वर्षी ती पुन्हा सुरू झाली. अमेरिकेत सुमारे १२ लाख मुले व तरुण यांच्या नोंदींवर आधारलेल्या २०११ च्या अभ्यासात गंभीर हृद्‌विकारांचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. योग्य निदान, ठरावीक मात्रा व नियमित तपासणी यांवरच या औषधांची उपकारकता अवलंबून आहे.