रो-रो फेरी म्हणजे काय? गाड्या नेणाऱ्या बोटीचं नियोजन कसं करतात?

मुंबई अकोल्याहून पाचशे किलोमीटरच्या पुढे, त्यामुळे कार चक्क बोटीत चढते हे आपल्या वऱ्हाडात अनेकांनी फक्त रील्समध्येच पाहिलंय. पण अशी सेवा ठरवताना काय काय मोजावं लागतं, ते या लेखात समजून घेऊ.

रो-रो म्हणजे काय?

रोल-ऑन रोल-ऑफ. गाडी क्रेनने उचलायची नाही, चालवतच आत न्यायची आणि चालवतच बाहेर काढायची. सोबत प्रवासीही असतील तर रो-पॅक्स. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला मार्च २०२० मध्ये अशी सेवा सुरू झाली. रस्त्याने शंभर किलोमीटरच्या वर असलेलं अंतर समुद्रातून साधारण तासाभराचं होतं. दाभोळ-धोपावे फेरी त्याआधीची, २००३ पासूनची. तिथे वाशिष्ठीची खाडी ओलांडायची असल्याने बोट लहान आणि फेरी काही मिनिटांची.

पहिला प्रश्न : गाड्या कुठून येणार?

नकाशावर अंतर वाचलं म्हणजे सगळ्यांचं वाचलं असं नाही. दक्षिण मुंबईतल्या माणसाला मांडवा फेरी सोयीची. पण अमरावतीहून समृद्धी महामार्गाने येणारी गाडी भिवंडीजवळ आमण्याला उतरते. तिथून मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरून भाऊच्या धक्क्यावर थांबण्यापेक्षा पनवेल-पेण मार्गे अलिबाग गाठणं मला तरी सरळ वाटतं. म्हणून आधी गाड्या कुठून कुठे जातात याचा सर्व्हे करतात, बोट त्यानंतर.

दुसरा प्रश्न : पाणी किती?

आपली पूर्णा पावसाळ्यात चढते, समुद्र मात्र रोज साधारण दोनदा चढतो-उतरतो. मुंबईत मोठ्या भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. म्हणजे धक्का जागेवर आणि बोट वर-खाली! दोघांना जोडणारा रॅम्प २० मीटरचा असेल तर चार मीटर फरकाला चढ १:५ होतो आणि कारचा बंपर घासू शकतो. रॅम्प ४० मीटरचा केला तर चढ १:१०. म्हणून रॅम्पचं एक टोक बिजागरीसारखं किनाऱ्याला जोडतात आणि दुसरं तरंगत्या पॉन्टूनवर ठेवतात.

खोलीचंही तसंच. जहाजाचा जो भाग पाण्याखाली असतो तो ड्राफ्ट. ओहोटीलाही त्यापेक्षा जास्त पाणी हवं. गुजरातमधली घोघा-दहेज फेरी २०१७ मध्ये गाजावाजात सुरू झाली, पण दहेजकडे गाळ साचून खोली पुरेना, आणि २०१९ मध्ये ती थांबली. २०२० मध्ये घोघाहून हजिऱ्याला नवी सेवा सुरू करावी लागली. बोट एकदाच विकत घ्यायची असते, गाळ मात्र पुन्हा पुन्हा काढावा लागतो. माझ्या मते खरा खर्च इथेच आहे.

तिसरा प्रश्न : दिवसाला किती गाड्या?

समजा प्रवास एक तास, गाड्या उतरवून नव्या चढवायला अर्धा तास. जाऊन-येऊन तीन तास झाले. १२ तासांत चार चकरा, म्हणजे आठ खेपा. एका खेपेत १०० कार धरल्या तर दिवसाला जास्तीत जास्त ८००. या गाड्या एकदम बाहेर पडतात, म्हणून पार्किंग आणि गावातला रस्ता आधीच तयार हवा. पावसाळ्यात लाटांमुळे खेपा रद्द होतात, तोही हिशोब धरावा लागतो.

मोबाइलवर काय बघायचं?

- गूगल मॅप्स : रूट ऑप्शन्समध्ये फेरी टाळण्याची सेटिंग असते. ती चालू असेल तर बोटीचा मार्ग दिसणार नाही.
- शिप ट्रॅकर अ‍ॅप : जहाजांवरची एआयएस यंत्रणा रेडिओवरून आपली जागा सतत सांगत असते. त्यावरून बोट कुठवर आली ते कळतं.
- बुकिंग : गाडीचं तिकीट आधी काढा आणि निघायच्या दिवशी खेप रद्द तर नाही ना, ते बघा. एवढ्या लांबून जाऊन धक्क्यावरून परत फिरणं आपल्याला परवडणारं नाही!