मधुमेह्याचें ताट

मधुमेह हा आधुनिक काळानेंच निर्माण केलेला रोग आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः सुश्रुतसंहितेंत या रोगाचे दोन भेद स्पष्ट सांगितलेले आहेत. पहिला सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला. त्याचा रोगी कृश असतो. दुसरा अपथ्यानें जडणारा. त्याचा रोगी बहुधा स्थूल असतो. चरकानें प्रमेहाच्या रोग्यास जवाचें अन्न मुख्य म्हणून सांगितलें. इन्शुलिन हातीं येईपर्यंत वैद्याजवळ या रोगावर खरें साधन एकच होतें, आणि तें म्हणजे रोग्याचें ताट. त्या ताटांत प्रथिनांना स्थान किती द्यावें, या प्रश्नानें पाश्चात्त्य वैद्यांना सव्वाशें वर्षें झुंजविलें.

इ. स. १७७६ मध्यें मॅथ्यू डॉब्सन यांनीं मधुमेह्याच्या मूत्रांत साखर असते, हें दाखवून दिलें. पुढें १७९७ मध्यें ब्रिटिश तोफखान्याचे शल्यवैद्य जॉन रोलो यांनीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पतिज अन्नापासून जठरांत साखर बनते, असें त्यांचें मत होतें. म्हणून कॅप्टन मेरेडिथ नांवाच्या रोग्याचें धान्य व भाजीपाला तोडून त्यांनीं त्यास मुख्यतः मांस आणि चरबी यांवर ठेविलें. मूत्रांतील साखर गेली, आणि मांसाहाराचें माहात्म्य वाढलें.

पण नुसत्या मांसावर मनुष्य किती दिवस राहणार? त्याचा जीव पावासाठीं तळमळतो. पॅरिसच्या बुशार्दा यांनीं यावर तोड काढली. कणीक पाण्याखालीं मळून तिच्यांतील पिष्ट धुऊन टाकलें, म्हणजे जो चिवट गोळा उरतो तो ग्लूटेन, अर्थात् गव्हाचें प्रथिन. त्याचा पाव त्यांनीं मधुमेह्यांसाठीं प्रचारांत आणला. आजच्या प्रथिनयुक्त पुडांचा हा पूर्वजच म्हणावा लागेल. पुढें १८७०-७१ मध्यें पॅरिसला वेढा पडून अन्नाची टंचाई झाली, तेव्हां कांहीं रोग्यांच्या मूत्रांतील साखर नाहींशी झाल्याचें त्यांना आढळलें. काय खावें, इतकेंच किती खावें हेंहि महत्त्वाचें आहे, असा धडा त्यांनीं त्यांतून घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक भ्रम दूर झाला. तीव्र मधुमेहांत शरीर प्रथिनांचीहि साखर करतें, आणि १०० भाग प्रथिनांपासून सुमारें ५८ भाग साखर होऊं शकते, असें प्रयोगांवरून दिसून आलें. जर्मनींतील नाउनिन यांनीं प्रथिनांवरहि मर्यादा घातली. अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन यांनीं १९१४ पासून याच विचाराची परमावधि केली. ते रोग्यास प्रथम उपाशी ठेवीत व मग मोजून मापून अत्यल्प अन्न देत. कांहीं रोगी रोगानें न मरतां भुकेनें मेले.

एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी १९१९ मध्यें, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांच्या उपचाराखालीं आली. १९२२ च्या ऑगस्टमध्यें ती टोरांटोस बँटिंग यांच्याकडे पोंचली, तेव्हां तिचें वजन अवघें ४५ पौंड उरलें होतें. त्याच वर्षाच्या जानेवारींत तेथें मनुष्यास प्रथम इन्शुलिन टोचण्यांत आलें होतें. तें मिळाल्यावर ती पोटभर जेवूं लागली आणि १९८१ पर्यंत जगली. उपासानें तिला बरें केलें नाहीं. परंतु औषध येईपर्यंत तिला तग धरतां आला, हेंहि तितकेंच खरें.

इन्शुलिन आल्यावर ताटाचें महत्त्व संपलें नाहीं. त्याचा जुलूम मात्र संपला. आज प्रथिनांच्या पुडीचे डबे दुकानोदुकानीं दिसतात. जेवणांत पिष्टमय पदार्थ कमी करून प्रथिनें घेतलीं, तर साखर एकदम चढत नाहीं व भूकहि लवकर लागत नाहीं, हें खरें आहे. पण भारतीय प्रौढास दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागें ०.८३ ग्रॅम प्रथिनें पुरेशीं मानलीं जातात. ६० किलो वजनाच्या मनुष्यास तीं सुमारें ५० ग्रॅम होतात. डाळ, उसळ, दूध, दहीं, अंडीं, मासे यांतून बहुतेकांना तितकीं मिळूं शकतात. ज्यांना तीं अन्नांतून पुरेशीं मिळत नाहींत, त्यांना पूड उपयोगी पडेल. मात्र तिच्यांत साखर मिसळलेली नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे. मधुमेहानें ज्यांचीं मूत्रपिंडें दुखावलीं आहेत, त्यांनीं तर वैद्याला विचारल्यावांचून प्रथिनें वाढवूं नयेत. ज्याला इन्शुलिन लागतें, त्याला कोणतीहि पूड त्याच्या जागीं चालणार नाहीं.

रोलो यांनीं प्रथिनांना तारक मानलें, ॲलन यांनीं सगळेंच अन्न मोजून अत्यल्प केलें. दोघांचेहि रोगी त्या टोकांची किंमत देऊन गेले. मधुमेह्याच्या ताटांत प्रथिनांना मानाची जागा आहे, पण ती मोजलेली आहे.