.३५ व्हेलन : ६५ वर्षे दुकानात न मिळालेले काडतूस

बहुतेक रायफलींची काडतुसे कारखान्यात तयार होतात आणि दुकानात विकत मिळतात. काही रायफली मात्र अशा असतात की त्यांची काडतुसे मालकालाच घरी घडवावी लागतात. अशा काडतुसांना ‘वाइल्डकॅट’ म्हणतात.

वाइल्डकॅट म्हणजे काय?

प्रचलित काडतुसाची पितळी पुंगळी घेऊन तिचे तोंड रुंद किंवा अरुंद करायचे, त्यात वेगळ्या जाडीची गोळी बसवायची आणि रायफलीची नळी व चेंबर त्यानुसार बनवून घ्यायचे. असे काडतूस कोणतीही कंपनी बनवत नसेल, तर ते वाइल्डकॅट.

.३५ व्हेलनचा जन्म

अमेरिकेत १९२२ मध्ये हे काडतूस तयार झाले. ‘.३०-०६ स्प्रिंगफील्ड’ या लष्करी काडतुसाच्या पुंगळीचे तोंड ०.३०८ इंचाऐवजी ०.३५८ इंची गोळी बसेल इतके रुंद करण्यात आले. नाव लष्करी अधिकारी आणि लेखक टाउनसेंड व्हेलन यांचे. ते घडवण्याचे श्रेय मात्र त्यांचे की कारागीर जेम्स हाउ यांचे, यावर जाणकारांत मतभेद आहेत.

अस्वल, मूस अशा मोठ्या जनावरांसाठी शिकाऱ्यांना जड गोळी हवी होती. त्यासाठीच्या मॅग्नम रायफली लांब आणि महाग असत. व्हेलनसाठी मात्र साध्या स्प्रिंगफील्ड किंवा माउझर रायफलीची नळी बदलली की काम भागे. सुमारे १६ ग्रॅमची गोळी ते सेकंदाला सुमारे ७३० मीटर वेगाने फेकते.

जुनी रायफल घेताना धोका कुठे?

१९८७ च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीने हे काडतूस बाजारात आणले आणि त्याची मापे प्रमाणित झाली. त्याआधी प्रत्येक कारागीर आपापल्या अवजाराने चेंबर कोरत असे. त्यामुळे नळीवर नाव एकच असले, तरी दोन जुन्या रायफलींची मापे वेगळी असू शकतात.

या काडतुसाचा खांदा, म्हणजे तोंडाजवळचा उतार, अगदी लहान आहे. चेंबरमध्ये काडतूस पुढे सरकू न देण्याचे काम हा खांदाच करतो. तिथे फट राहिली तर पुंगळी ताणली जाते, फाटू शकते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतो. म्हणून जाणकार मालक आधी चेंबरचा साचा काढून मापे तपासून घेतात आणि मगच पहिली गोळी झाडतात.

दुसरा घोटाळा पुंगळीच्या बुडावरील शिक्क्याचा. घरी घडवलेल्या व्हेलनवर ‘.३०-०६’ असाच शिक्का राहतो. दोन्ही रायफली बाळगणाऱ्याच्या डब्यांत अदलाबदल होऊ शकते. .३०-०६ चे काडतूस व्हेलनच्या चेंबरमध्ये शिरू शकते, पण त्याची बारीक गोळी नळीला धरून जात नाही. म्हणून डब्यावर आणि काडतुसावर स्वतःची खूण करण्याची पद्धत आहे.

लोक तरीही का घेतात?

कोणाकडे ती आजोबांकडून आलेली असते, कोणाला जुन्या कारागिरीची ओढ असते. अशी रायफल विकत घेताना तिच्यासोबत काडतूस घडवण्याचे साचे आणि जुन्या मालकाच्या नोंदी मिळाल्या, तर अर्धे काम सोपे होते.

भारतात काय?

अमेरिकेत अनेक नेमबाज घरी काडतुसे भरतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे.