छोट्या चुंबकांची कामगिरी

जिनिव्हाजवळ सेर्न संस्थेचा महाकाय कणत्वरक जमिनीखालच्या वर्तुळाकार बोगद्यात बसवलेला आहे. बोगद्याचा परीघ 27 किलोमीटर. नुसत्या आकड्याने वर्गातील मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही, म्हणून आपण वसई तालुक्याचा नकाशा घेऊ. कळंबच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडे हे वर्तुळ काढले, तर त्याची दुसरी कड नालासोपाऱ्याच्या रेल्वेमार्गापलीकडे जाते. एवढ्या वाटेवर प्रोटॉन सेकंदाला अकरा हजारांहून अधिक फेऱ्या मारतात. त्यांना सतत वळवत ठेवण्याचे काम 1232 द्विध्रुवी चुंबके करतात.

हे काम साध्या विद्युतचुंबकांचे नव्हे. लोखंड सुमारे दोन टेस्लापाशी संपृक्त होते आणि तांब्याच्या तारेतून प्रचंड प्रवाह सोडला तर ती तापते. 1911 साली कामरलिंग ओनेस यांना अतिथंड पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला आढळला. अशा रोधहीन तारेची बलवान चुंबके करावीत, हे त्यांच्याच मनात आले. पण थोडेसे चुंबकीय क्षेत्र वाढताच अतिवाहकता नष्ट होई. पुढे 1961 मध्ये कुन्झलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायोबियम-टिन हे संयुग 8.8 टेस्ला क्षेत्रातही अतिवाहक राहते हे दाखवले, तेव्हा कोंडी फुटली. 1983 मध्ये अमेरिकेत टेव्हाट्रॉन हा अतिवाहक चुंबकांचा त्वरक सुरू झाला. सेर्नच्या चुंबकांत नायोबियम-टायटॅनियमची तार आहे. उणे 271 अंश सेल्सिअसला तिच्यातून 11,850 अँपिअर प्रवाह वाहतो आणि 8.33 टेस्ला क्षेत्र मिळते.

मात्र अतिवाहकाचा गुणच येथे दोष ठरतो. तारेत काही मायक्रॉन जाडीचे हजारो तंतू असतात. क्षेत्र बदलू लागले की या तंतूंत बारीक प्रवाह प्रेरित होतात. तांब्यात ते रोधामुळे लगेच विरले असते. येथे रोधच नसल्याने ते फिरत राहतात आणि मुख्य क्षेत्राची घडण किंचित बिघडवतात. प्रोटॉन नुकतेच आत आलेले असताना क्षेत्र जेमतेम अर्धा टेस्ला असते. तेव्हा हा बिघाड विशेष जाणवतो. लक्षावधी फेऱ्यांत चूक साठत जाते आणि कण वाट सोडतात.

यावर उपाय म्हणजे पंधरा मीटर लांबीच्या प्रत्येक द्विध्रुवी चुंबकाच्या टोकाशी बसवलेली छोटी सुधारक चुंबके. भारताचा अणुऊर्जा विभाग आणि सेर्न यांच्यात 1991 मध्ये सहकार्याचा करार झाला. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात (आजचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) ए. एम. पुणतांबेकर, एम. जी. करमरकर आदी संशोधकांनी सेर्नच्या तज्ज्ञांबरोबर या चुंबकांवर काम केले. पुढे भारताने 1146 षट्ध्रुवी आणि 616 दशध्रुवी-अष्टध्रुवी सुधारक चुंबके पुरवली. म्हणजे एकूण गरजेच्या जवळजवळ निम्मी! एक नमुना उत्तम करणे निराळे आणि हजाराहून अधिक चुंबके एकसारखी करणे निराळे. वेटोळे जराही सरकले, तर चूक सुधारण्यासाठी नेमलेले चुंबकच नवी चूक करील. अवजड चुंबके अचूक जागी बसवण्यासाठी 7080 आधारही भारतातून गेले. अणुऊर्जा विभागाच्या अभियंत्यांनी सेर्नमध्ये चुंबकांच्या शीत चाचण्यांतही भाग घेतला.

अशा यंत्रात क्षुल्लक असे काही नसते. 10 सप्टेंबर 2008 रोजी त्वरकात प्रोटॉन फिरले आणि नवव्याच दिवशी दोन चुंबकांमधील एका सदोष विद्युत जोडणीने घात केला. काही टन हेलियम बोगद्यात पसरले आणि 53 चुंबके वर काढावी लागली. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडले.

4 जुलै 2012 रोजी हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली, ती याच यंत्रातून. वर्गात हिग्ज कणाविषयी बोलताना फळ्याच्या एका कोपऱ्यात 1146 हा आकडाही लिहावा. तो कशाचा, हे विद्यार्थी विचारतीलच. मग सांगायला आपल्याजवळ इंदूरची ही हकिकत आहे.