डायलिसिसच्या रुग्णांमधील कुपोषण

मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्ये कुपोषण वारंवार आढळते आणि त्यामुळे मृत्यूचा धोका वाढतो. भूक मंदावणे व शरीरातील दीर्घकालीन दाह ही त्याची प्रमुख कारणे असून, प्रत्येक डायलिसिसमध्ये काही ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात.

निदानात वजनकाटा फसवा ठरतो. स्नायू झिजत असताना अंगात साठलेले पाणी वजन कायम राखते. म्हणून डायलिसिसनंतरचे ‘कोरडे वजन’ पाहिले जाते. रक्तातील अल्ब्युमिन तपासतात, परंतु ते दाहामुळेही घटते. त्यामुळे भूक, वजनातील घट, त्वचेखालील चरबी आणि स्नायू यांची प्रत्यक्ष तपासणी करणारे ‘व्यक्तिनिष्ठ समग्र मूल्यमापन’ महत्त्वाचे मानतात. त्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

डायलिसिसपूर्वी रुग्णास प्रथिने कमी करण्यास सांगितलेले असते. डायलिसिस सुरू झाल्यावर ही गरज उलटते. घरात मात्र डाळ-अंडी वर्ज्य करणारे जुनेच पथ्य अनेकदा चालू राहते. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा रुग्णास प्रतिकिलो वजनामागे दररोज १.० ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० किलो वजनास ५० ते ६० ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. पोटॅशियम व फॉस्फरसवरील बंधने कायम असल्याने हा बदल आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावा लागतो.