चेन किती ओढावी?

लष्करी इतिहासाची पुस्तके वाचताना एक गोष्ट आम्हांला नेहमी खटकत आली आहे. त्यांतले सैन्य चालते, लढते, उपाशी राहते, मरते. झोपताना मात्र क्वचितच दिसते. वास्तविक मोहिमेवरचा शिपाईही रोज काही तास डोळे मिटतोच, आणि ते कशात गुरफटून मिटायचे हा प्रश्न कोणत्या तरी कचेरीत कोणीतरी सोडवलेला असतो. आपल्या मुलखात घोंगडीने तो पुष्कळ काळ सोडवला. तीच अंथरूण, तीच पांघरूण, पाऊस आला तर तीच खोळ. घोंगडीचा आणखी एक गुण असा की ती एका झटक्यात अंगावरून फेकून देता येते. या गुणाचे मोल काय, ते पुढे येईलच.

माणसाला पिशवीत घालून झोपवण्याची कल्पना बाजारात आली ती एका व्यापाऱ्यामुळे. वेल्समधील न्यूटाउन गावचे प्राइस जोन्स टपालाने माल विकत. १८७६ साली त्यांनी ‘युक्लिसिया रग’ या नावाने एका लोकरी कांबळ्याचे पेटंट घेतले. ते दुमडून माणसाने आत शिरायचे. डोक्याखाली रबराची फुगवता येणारी उशी. पुढच्याच वर्षी रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध जुंपले आणि रशियन सैन्याने या कांबळ्यांची साठ हजारांची मागणी नोंदवली, असे सांगतात. डिसेंबर १८७७ मध्ये प्लेव्हना पडले, उरलेली मागणी रद्द झाली आणि तयार माल जोन्ससाहेबांच्या गळ्यात पडला. लष्करी खरेदीचा हा पहिलाच धडा बोलका आहे: माल तयार होईपर्यंत युद्ध थांबत नाही, आणि कधीकधी संपूनही जाते.

पण थंडी हा मोजण्याचा विषय झाला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी सैन्याच्या पुरवठा खात्याने शिलाईच्या कारखानदारांबरोबरच गिर्यारोहकांनाही सल्ल्यासाठी बोलावले. १९४२ च्या उन्हाळ्यात अलास्कातील माउंट मॅकिन्ले (आजचे बहुतेकांच्या तोंडी असलेले नाव डेनाली) या पर्वतावर एक मोहीम गेली. ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि रॉबर्ट बेट्स यांच्यासारखे नामांकित गिर्यारोहक तीत होते. परंतु शिखर हा तिचा मुख्य हेतू नव्हता. तंबू, बूट, शिधा आणि झोपायच्या पिशव्या बर्फात वापरून पाहायच्या आणि अहवाल लिहायचे, हे खरे काम. इकडे हार्वर्डच्या ‘फटीग लॅबोरेटरी’त धातूचे पुतळे आतून तापवून, त्यांवर कपडे चढवून, उष्णता किती वेगाने निसटते ते मोजले जात होते. ‘क्लो’ हे ऊब मोजण्याचे एककही १९४१ चेच. २१ अंश सेल्सियसच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखद वाटेल एवढे कपडे म्हणजे एक क्लो. ऊब ही आता आजीच्या हातची गोष्ट राहिली नाही, तिला आकडा मिळाला.

आकड्यांनी एक गोष्ट पक्की केली. ऊब कापडात नसते, त्यात कोंडलेल्या स्थिर हवेत असते. ती हवा धरून ठेवण्यात बदक-हंसांच्या पोटाकडची मऊ लव अजोड आहे. वजनाला हलकी, आवळली की मुठीएवढी होणारी, सोडली की पुन्हा फुगणारी. पण ही लव ओली झाली की तिचा चिखल होतो. आणि कडाक्याच्या थंडीत तिला भिजवायला पाऊस लागत नाही, झोपणाऱ्याच्या अंगाची वाफ पुरते. १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात केप क्रोझियरला जाऊन पाच आठवड्यांनी परतलेल्या चेरी-गॅरर्डच्या पिशवीचे वजन निघताना १८ पौंड होते, परतताना ४५. मधला सगळा फरक गोठलेल्या घामाचा. शिवाय युद्धकाळात पिसांची आयात आटलेली. तेव्हा लवेत जाडी पिसे मिसळून, माणसाच्या देहाला बिलगेल अशी खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती पिशवी शिवली गेली. आत जितकी कमी जागा, तितकी कमी हवा तापवायची. हिशोब बिनचूक होता. तिच्या आकाराला ‘ममी’ म्हणतात हे मात्र कोणाला अशुभ वाटले नसावे.

या हिशोबात काय राहून गेले ते कोरियात कळले.

२७ नोव्हेंबर १९५० च्या रात्री चोसिन जलाशयाच्या परिसरात चिनी सैन्याने अमेरिकी मरीन तुकड्यांवर चहूबाजूंनी हल्ला चढवला. पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास. तोकटोंग खिंडीवर कॅप्टन विल्यम बार्बर यांची फॉक्स कंपनी पहारा देत होती; माणसे आळीपाळीने पिसांच्या पिशव्यांत शिरून झोपत होती. हेक्टर कॅफरेटा हा शिपाई गोळीबाराने जागा झाला आणि पिशवीतून तसाच बाहेर पडला. बूट चढवायला वेळच नव्हता. नुसत्या मोज्यांवर, बर्फात, तो पहाटेपर्यंत लढला. शेजारी ग्रेनेडने डोळे गेलेला त्याचा मित्र केनेथ बेन्सन चाचपडत बंदुका भरून देत होता. येणारे ग्रेनेड कॅफरेटाने खंदक खणायच्या फावड्याने टोलवले. पुढे त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. त्याच्या शौर्यावर भरपूर लिहिले गेले आहे; आमचे लक्ष त्या मोज्यांवर खिळते. कारण तो निदान बाहेर पडू शकला. त्या हिवाळ्यात कोरियाच्या आघाडीवर असेही पुष्कळ होते की ज्यांची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती, हात आत होते, आणि शत्रूची संगीन त्यांच्याआधी पोचली.

मग हुकूम निघू लागले. पुढच्या फळीत चेन लावायची नाही; कुठे पिशवी फक्त कमरेपर्यंत घ्यायची, कुठे ती मुळी वापरायचीच नाही. ज्या वस्तूसाठी प्रयोगशाळेत पुतळे तापवले, तीच आता अर्धी उघडी ठेवून वापरायची. आणि तरीही ती टाकून देता येईना. १ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कर्नल रेमंड डेव्हिस आपली बटालियन घेऊन बर्फाळ डोंगरांवरून फॉक्स कंपनीच्या मदतीला निघाले, तेव्हा ओझे कमीत कमी करताना पिशव्या मात्र बरोबर घेतल्या. जखमी झालेला माणूस हलत नाही, आणि न हलणारा माणूस त्या थंडीत पिशवीवाचून मरतो. माघार घेताना गाड्यांवर बांधलेल्या त्या पिशव्यांत जखमीही होते आणि मृतही. लांबून फरक कळत नसे.

समोरच्या बाजूला काय होते? चीनचे नववे सैन्यदल घाईने उत्तरेकडे धाडले गेले होते. अनेकांच्या पायांत कापडी बूट, कित्येकांत मिळून एक रजई. त्या दलात हिमदंशाने निकामी झालेल्यांची संख्या तीस हजारांच्या आसपास गेली. काही तुकड्या दबा धरून बसल्या त्याच स्थितीत गोठलेल्या सापडल्या. त्यांच्यापुढे चेन किती ओढावी हा प्रश्नच नव्हता.

पुढील चाळीस वर्षांचा तपशील आम्ही गाळतो. १९९० च्या दशकात अमेरिकी सैन्याने जी ‘मॉड्युलर’ झोपव्यवस्था स्वीकारली, तिने एका पिशवीचे तुकडे केले: गस्तीसाठी पातळ हिरवी पिशवी, थंडीसाठी जाड काळी, दोन्ही एकात एक घालून कडाक्यासाठी, आणि वरून वाफ सोडणारे पण पाणी अडवणारे आवरण. भरण पिसांऐवजी कृत्रिम तंतूंचे, कारण ते भिजले तरी थोडीबहुत ऊब राखतात. पण तंतूंना पिसांसारखे दबायचे जमत नाही. सगळा संच पाच किलोच्या आसपास. तो पाठपिशवीत बसावा म्हणून चारी बाजूंच्या पट्ट्यांनी करकचून आवळायची कॉम्प्रेशन सॅक आली. सह्याद्रीत भटकणाऱ्या आमच्या वाचकांना ही पिशवी ठाऊक असेल. तिची मेख अशी की ती ऊब देत नाही, जागा देते, आणि जागेचे भाडे उबेतूनच वसूल करते. तंतू महिनोन् महिने दाबून ठेवले की पुरते फुगत नाहीत. मोहिमेत आवळावे आणि कोठारात मोकळे सोडावे, हे साधे तत्त्व. परंतु कोठारात जागा नसते.

आपल्याकडे या प्रश्नाची किंमत १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चूच्या काठी मोजली गेली. सुती गणवेश आणि अपुऱ्या कांबळ्यांनिशी माणसे तिथे उभी केली होती. विमानातून टाकलेले सामान बरेचसे दऱ्यांत गडप झाले. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा त्यांच्या टेबलावरच्या कामांत पर्वतीय युद्धाची ही सामग्रीही होती. १३ एप्रिल १९८४ रोजी कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी सियाचीनच्या बिलाफोंड ला खिंडीवर उतरली, तेव्हा बर्फातले कपडे परदेशातून अगदी आयत्या वेळी हाती आलेले होते. तिथल्या वरच्या चौक्यांवर माल हेलिकॉप्टरने जातो आणि त्या उंचीवर एका खेपेत फार थोडे वजन उचलले जाते. म्हणजे पिशवी किती लहान दबते, हा तिथे पाठीचा नव्हे तर रॉकेल आणि शिध्याच्या वाट्याचा प्रश्न होतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा एक अहवाल संसदेत मांडला गेला. अत्युच्च प्रदेशातील सैनिकांच्या कपड्यांची, साधनांची आणि शिध्याची त्यात तपासणी होती. सुधारित नमुने उपलब्ध असताना काही वस्तू जुन्याच नमुन्याच्या खरेदी झाल्या, असा ठपका त्यात आहे. तोंडावरचे मुखवटे, जाकिटे, आणि स्लीपिंग बॅगा.